मदत केली म्हणून स्टेजवर जायचं का?

प्रश्न: मी तुर्भे स्टोअरला राहते. नाव छापू नका. वय ३७, मुलगी नववीत आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मी बाहेर पडले तेव्हा एका संस्थेच्या ताई माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. पोलीस ठाण्यात, बेलापूरच्या कोर्टात, सगळीकडे बरोबर आल्या. वकील फुकट मिळवून दिला. कोर्टाने नवऱ्याला माझ्या जवळपास फिरकायला मनाई केली. संस्थेने नाश्त्याच्या गाडीचं सामान दिलं. खोलीच्या डिपॉझिटला सहा हजार कमी पडत होते, ते ताईंनी स्वतःच्या खिशातून भरले आणि संस्थेत बोलू नकोस म्हणाल्या. गाडीवर आल्या की मात्र पोह्यांचे पैसे दिल्याशिवाय जायच्या नाहीत, मला वाईट वाटायचं. गेल्या वर्षी मार्चनंतर त्या येईनाशा झाल्या, फोनही लागेना. मी खूप रडले. आता एकदम दुसऱ्या नंबरवरून त्यांचा फोन आला. वाशीला संस्थेचा कार्यक्रम आहे, पैसे देणाऱ्या कंपनीचे साहेब येणार आहेत, मी आणि मुलीने स्टेजवर आमची गोष्ट सांगायची. आधीच संस्थेच्या पुस्तिकेत माझा फोटो आलाय. चेहरा पुसलाय, नाव बदललंय, पण गाडी माझीच आहे, मागचा पानवाल्याचा बोर्डसुद्धा दिसतो. गिऱ्हाइकं विचारतात. त्यात लिहिलंय की मुलीला डॉक्टर व्हायचंय. ती म्हणते, मी असं कधी म्हणाले? ती यायला तयार नाही. शेजारच्या मावशी म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. नाही म्हटलं तर मी कृतघ्न का? आणि मी त्यांच्यासाठी नुसती एक केस होते का?

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र थोडं आटोपशीर केलंय आणि ओळख पटेल असे दोनतीन तपशील बदललेत. गाडीवर काय मिळतं तेसुद्धा. संस्थेनेही एवढी काळजी घ्यायला हरकत नव्हती.

आधी सरळ उत्तर देते. या कार्यक्रमाला स्टेजवर जाऊ नका, आणि मुलीला तर नेऊच नका. नकार दिल्याने तुम्ही कृतघ्न ठरत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. कारणं आहेत, आणि त्यातलं पहिलं तर मनाशी संबंधितच नाही.

कोर्टाने तुमच्या नवऱ्याला मनाई केली तो आदेश २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा असणार. त्याला संरक्षण आदेश म्हणतात. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ही शिक्षा आदेश मोडल्यानंतरची. आदेश मोडायचा झाला तर आधी माणसाला तुम्ही कुठे सापडाल ते कळावं लागतं, आणि पुस्तिकेतला तो फोटो नेमकं तेच सांगतोय. तुमची गाडी, मागे पानवाल्याचा बोर्ड. तुर्भे, महापे भागात रोज ये-जा करणाऱ्याला आणखी काय पाहिजे? चेहरा पुसून ओळख लपत नाही हे ज्यांनी फोटो निवडला त्यांच्या लक्षात आलं नसेल. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या बाईला कोर्टाकडून संरक्षण घ्यावं लागलं, तिच्या धंद्याची जागा छापताना कुणीतरी दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

नवऱ्याला तुमचा आताचा ठावठिकाणा माहीत आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत नसेल तर ही पुस्तिका आणि स्टेजवरचा व्हिडिओ, दोन्ही गंभीर आहेत. व्हिडिओ निघणारच, तो कंपनीच्या पेजवर जाणारच, आणि तिथून तो कुठे फिरेल ते कुणाच्याच हातात राहणार नाही. तुमच्या केसमधले संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. त्यांना फोटोबद्दल सांगून ठेवा. आदेशाची प्रत घरी ट्रंकेत असेल तर एक झेरॉक्स गाडीवरच्या गल्ल्यातही असू द्या, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आता मावशींच्या मिठाकडे येते.

मिठाला जागायचं तर आधी मीठ कुणाचं होतं ते बघावं लागेल. वकील फुकट मिळाला, तो संस्थेने दिला नाही आणि ताईंनीही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बंगल्यात राहणारी असो की झोपडपट्टीत, ती बाई आहे एवढं पुरतं. ठाणे जिल्ह्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्यासाठी सरकार पैसा देतं. ताईंनी काय केलं, तर तुम्हाला त्या दारापर्यंत नेलं. हे छोटं काम नाही. दार आहे हेच शेकडा किती बायकांना माहीत नसतं! पण दारापलीकडे जे होतं ते तुमचंच होतं. पोलीस ठाण्यात बरोबर येणं, कोर्टात शेजारी बसणं, अर्ज लिहायला मदत करणं ही ताईंच्या नोकरीतली कामं. त्यांनी ती मनापासून केली म्हणून आपण त्यांना मानतो. त्यांनी नुसती कर्तव्य म्हणून केली असती तरी ती तुम्हाला मिळायलाच हवी होती.

गाडीचं सामान बहुधा त्या कंपनीच्या पैशातून आलं असणार, आणि इथे तुमच्या सगळ्या गोष्टीची गाठ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे असतात. आपण सीएसआर म्हणतो तो हा. २०१४ पासून हे लागू आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्यांची कमी नाही, त्यामुळे इथल्या बऱ्याच संस्थांची चूल या पैशावर पेटते. यात वाईट काही नाही. पण हा पैसा वर्षाच्या हिशेबाने येतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. पुढच्या वर्षी पैसा यायचा तर मागच्या पैशाचं काय झालं ते दाखवायला लागतं. किती बायकांना सामान दिलं हा आकडा झाला, आणि आकड्याने साहेबांचा ऊर भरून येत नाही. तो भरून येतो एखादी बाई माईकसमोर रडली की. म्हणून संस्थांना तुमच्यासारख्या बायका स्टेजवर लागतात. ‘यशोगाथा’ म्हणतात त्याला. त्या यशोगाथेत मुलीने डॉक्टर व्हायचं असतं. तिला खरंच काय व्हायचंय ते विचारायला वेळ कुणाला आहे?

म्हणजे कंपनीने कायद्याने सांगितलेला खर्च केला, संस्थेने ठरलेलं काम केलं आणि तुम्ही ते सामान घेऊन पहाटे उठून धंदा उभा केलात. या व्यवहारात तुमची बाजू तुम्ही पुरी केली आहे. त्यावर गोष्ट सांगण्याचं व्याज कुठेही ठरलेलं नव्हतं.

मग राहिले सहा हजार. हे मात्र खरं कर्ज आहे, आणि माझा अंदाज आहे की तुम्हाला नाही म्हणता येत नाहीये ते या सहा हजारांमुळे. संस्थेने जे दिलं त्याचा मिंधेपणा वाटत नाही एवढा या पैशांचा वाटतो, कारण ते एका माणसाच्या पगारातून आलेत आणि वर गुपित आहेत. समाजकार्य शिकवताना कार्यकर्त्यांना सांगितलं जातं की स्वतःच्या खिशातून उसने पैसे देऊ नका. ऐकायला हे कोरडं वाटतं. ताईंना मी दोष देणार नाही, घरमालक डिपॉझिटसाठी नियमावली वाचत बसत नाही. पण तो नियम का आहे हे आज तुम्हाला आतून कळतंय. पैसे दिले त्या दिवशी तुमच्या दोघींत एक धागा असा बांधला गेला की त्याचं टोक फक्त त्यांच्या हातात आहे. त्यांनी तो ओढला नसेलही. तरी तो आहे.

तर ते पैसे परत करा. भिशी लागेल तेव्हा एकदम, नाहीतर महिन्याला पाचशे. त्या नको नको म्हणतील. तरी द्या, आणि परतफेड पैशातच करा. कर्ज पैशाचं आहे, ते भाषणाने फेडायचं नाही आणि मुलीला पुढे करून तर नाहीच. हे संस्थेला सांगू नका, कारण त्याने ताईंची नोकरी अडचणीत येऊ शकते. ही तुमच्या दोघींमधली गोष्ट आहे, तिथेच मिटवा.

तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. मी नुसती केस होते का?

केस होताच. संस्थेच्या कपाटात तुमच्या नावाची फाईल असेल, तिच्यावर नंबर असेल, प्रत्येक भेटीची तारीख आणि दोन ओळी असतील. हे वाचून लगेच दुखवून घेऊ नका. तुम्ही केस होतात म्हणून तर त्या कामाच्या दिवशी सकाळी दहापासून तुमच्याबरोबर कोर्टाच्या बाकावर बसू शकल्या. तुमची सख्खी बहीण किती तारखांना येऊ शकली असती? आपल्याकडे या कामाचं रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं, आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. मदत म्हणजे लहर किंवा पुण्य नको, शिकून सवरून पगार घेऊन करायचं काम असावं, हा त्यामागचा विचार होता. या पेशात जिव्हाळा नको असं कुणी शिकवत नाही. त्याच्या भरात समोरच्या माणसाचे निर्णय आपण घेऊ नयेत आणि त्याच्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत, एवढंच शिकवतात. केस असणं आणि माया असणं एकाच वेळी खरं असू शकतं.

माया होती याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. त्या पोह्यांचे पैसे देऊन जायच्या, तुम्हाला वाईट वाटायचं. मला उलट वाटलं. ज्या बाईला आपण गाडी लावून दिली तिच्याकडे फुकट खायचं नाही, तिचा धंदा धंदाच मानायचा, हे सुटे पैसे काढून देणाऱ्या माणसाला बरोबर कळलेलं होतं. तुमच्या वस्तीत सगळ्यांसमोर त्या गिऱ्हाईक म्हणून उभ्या राहिल्या, साहेबीण म्हणून नाही.

मग मार्चनंतर न सांगता कशा गेल्या? त्या तुम्हाला सोडून गेल्या असं नसावं. प्रकल्पाचे पैसे संपले असणार, आणि फोन संस्थेचा असेल तर सिमकार्डही जमा करून घेतलं असणार. हा माझा अंदाज आहे, त्यांनाच विचारा. पण एक गोष्ट अंदाजाची नाही. काम थांबणार असेल तर ते आधी सांगायचं, पुढे कुणाकडे जायचं ते दाखवायचं, नीट निरोप घ्यायचा, हासुद्धा त्यांच्या कामाचाच भाग असतो. तो झाला नाही. तुम्ही रडलात ते उगाच नाही. हे त्यांना सांगा, भांडण म्हणून नाही, पण सांगा. ‘तुम्ही न सांगता गेलात, मला फार लागलं’ एवढं बोलायचा तुम्हाला अधिकार आहे.

आणि थोडं तुमच्याही बाजूला बोलते. इतक्या वर्षांत त्यांना तुमचं सगळं माहीत झालं. नवऱ्याने कोणतं भांडं फेकलं इथपर्यंत. तुम्हाला त्यांच्याबद्दल काय माहीत आहे? घर कुठे, घरी कोण, पगार वेळेवर होतो का? पूर्ण पत्रात त्यांच्या घरादाराबद्दल एकही ओळ नाही. ते काम होतं तोवर असंच असायला हवं होतं. पण आता फाईल बंद आहे. यापुढे तुम्हाला त्या हव्या असतील तर हे एकतर्फी चालणार नाही. त्यांचंही ऐकावं लागेल, आणि त्या दमलेल्या असतील तर रात्री अकराला फोन करायचा नाही हेही शिकावं लागेल.

तुमची गोष्ट कधीच सांगू नका असं मी म्हणत नाही. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. स्वतः विधवा, आश्रमात शिकलेल्या. त्या आपली कहाणी लोकांसमोर मांडायच्या, पण त्या संस्थेच्या स्वतः कार्यकर्त्या होत्या. कुठे जायचं, काय बोलायचं, कुणासमोर बोलायचं ते ठरवण्यात त्यांचा हात होता. या कार्यक्रमात तुमचा असा कुठलाच हात नाही. उद्या वस्तीतली एखादी पोरगी सुजलेला गाल घेऊन गाडीपाशी आली तर तिला जे सांगाल ते वाशीच्या हॉलमध्ये साहेबांना सांगण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं असेल. तिथे जरूर सांगा.

मुलीचं मात्र वेगळं आहे. ती नाही म्हणालीय. ते शेवटचं माना, समजावत बसू नका. नववीतल्या मुलीच्या शाळेत एक व्हिडिओ फिरला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पुस्तिकेत आपल्या तोंडी कुणीतरी स्वप्न घातलं हे तिने ओळखलं, याचं मला खरं तर कौतुक वाटलं. तिला काय व्हायचंय, ते तुम्ही विचारलंत का?

आता नाही म्हणायचं कसं. ताईंना फोनवर नकार देऊ नका. त्या समोरून गळ घालतील, तुम्ही भिडेपोटी हो म्हणाल, आणि भीड भिकेची बहीण हे काही उगाच म्हणत नाहीत. नकार संस्थेला लिहून द्या, कार्यालयाच्या नंबरवर. ‘नमस्कार. कार्यक्रमात मी आणि माझी मुलगी बोलणार नाही. आमचा फोटो, आमची माहिती पुस्तिकेतून आणि इंटरनेटवर कुठे असेल तर तिथूनही काढून टाकावी. माझ्या केसमध्ये कोर्टाचा संरक्षण आदेश आहे आणि फोटोत माझी धंद्याची जागा ओळखू येते. यापुढे मला विचारल्याशिवाय काहीही वापरू नये.’ बास. कारणं देत बसू नका, माफी मागू नका. मग ताईंना फोन करून सांगा की मी ऑफिसला असं कळवलंय. यात त्यांचीही सोय आहे. त्यांच्यावरही कुणाचा तरी दबाव असणार, आणि ‘बाईंनी लेखी नाही म्हटलंय’ हे वरच्या माणसाला दाखवायला त्यांच्या हातात काहीतरी असेल.

संस्था म्हणेल, तुम्ही पहिल्या दिवशी फॉर्मवर सही केली होती. केली असेलही. त्या दिवशी तुमच्यापुढे कोणताही कागद सरकवला असता तरी तुम्ही सही केली असती. दिलेली संमती मागे घेता येते, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हे तत्त्व स्पष्ट लिहिलेलं आहे. गोष्ट कायद्यापर्यंत जाईल असं मला वाटत नाही, बहुतेक संस्था अशा पत्रानंतर गुपचूप फोटो काढतात. आणि कुणी सुचवलंच की मग पुढे मदत मिळणार नाही, तर हे लक्षात असू द्या की मोफत वकील, संरक्षण अधिकारी आणि १८१ ही हेल्पलाइन यांपैकी काहीच त्या संस्थेच्या मर्जीवर नाही.

कार्यक्रम कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पण कार्यक्रमपत्रिका छापून आली आणि तुमचं नाव त्यात असलं की नकार द्यायला दुप्पट जड जाईल, म्हणून मेसेज आज रात्री गाडी आवरून झाल्यावर लगेच पाठवा.